पार्श्वभूमी : आफ्रिकी कथेतला सांगणारा आणि ओ देणारे

पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत गोष्ट सांगणारा आधी ‘पाउक्वा!’ अशी हाक देतो. समोरून ‘पाकावा!’ आलं की मगच गोष्ट सुरू होते. घानात अकान लोकांकडे गोष्ट रंगात आली असतानाच ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी गाणं धरतं, बाकीचे सूर मिसळतात आणि सांगणारा गाणं संपेपर्यंत थांबतो. लघुकथा छापील पानावर गेली तेव्हा ही ओ देणारी माणसंही तिच्याबरोबर गेली. घानाच्या १९७० सालच्या एका संग्रहात एक तरुण राजधानी अक्राहून परत येऊन बहिणीचा शोध कसा घेतला ते घरच्यांना सांगतो. मध्येच तो घोटभर दारू मागतो. घरच्यांचे प्रश्न छापलेलेच नाहीत, तरी त्याच्या बोलण्यातून ते स्पष्ट ऐकू येतात.

प्रतीकंही याच बैठकीतून आली. १९५३ च्या एका नायजेरियन कथेत नवा, उत्साही मुख्याध्यापक शाळेच्या आवारातली जुनी पायवाट काठ्या रोवून, काटेरी तार ओढून बंद करतो. गावचा पुजारी त्याला सांगतो, आमचे मेलेले याच वाटेने जातात आणि जन्माला येणारी पोरं याच वाटेने येतात. दोनच दिवसांनी गावात एक तरुण बाई बाळंतपणात दगावते. ‘पायवाट म्हणजे परंपरा’ असं परीक्षेत लिहून मोकळं होता येतं. गावकऱ्यांसाठी मात्र ती आधी वापरातली वाट आहे, आणि कथेचं बळ तिथेच आहे.

ही ताकद कोणत्या भाषेत उतरावी, याचा निकाल मात्र फार लवकर लावला गेला. जून १९६२. युगांडाच्या स्वातंत्र्याला चार महिने बाकी होते. कंपालाच्या मकेरेरे कॉलेजात आफ्रिकी लेखकांची परिषद भरली आणि निमंत्रणं गेली ती इंग्रजीतून लिहिणाऱ्यांनाच. केनियाच्या एका विद्यार्थ्याला दोन छापील इंग्रजी कथांच्या जोरावर जागा मिळाली. शिकारी आणि भुताखेतांच्या लोककथांवर नायजेरियातल्या योरुबा भाषेत कादंबरी उभी करणारा, १९३८ पासून वाचला जाणारा लेखक त्या निकषात बसत नव्हता. स्वाहिलीतला त्या काळचा सर्वांत मोठा कवीही बसत नव्हता. तो त्याच महिन्यात वारला. लांबलांबून आलेल्या लेखकांना एक समान भाषा हवी होती, हे म्हणणं समजतं. पण मग कुठल्याही भाषेतल्या लेखकाला बोलवून दुभाषे नेमता आले असते. पुढच्याच वर्षी कंपालातून निघणाऱ्या एका नियतकालिकात नायजेरियाच्या एका समीक्षकाने लिहिलं की युरोपीय भाषांच्या या वाटेला पुढे रस्ताच नाही. त्यावर मोठा गदारोळ झाला. मला ते म्हणणं आजही रास्त वाटतं, निदान कथेपुरतं. कादंबरीत समजावून सांगायला जागा असते. दहा पानांच्या कथेत ‘पाउक्वा’चं इंग्रजी करायला गेलं की उत्तर देणारा तिथेच गप्प होतो.

१९६८ मध्ये नैरोबीतल्या तिघा अध्यापकांनी विद्यापीठातला इंग्रजी विभाग बंद करून आफ्रिकी साहित्य आणि मौखिक परंपरा अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणा, अशी मागणी केली. साधारण त्याच सुमारास युगांडाच्या एका भाषातज्ज्ञाने ‘ओरेचर’, म्हणजे तोंडी साहित्य, हा शब्द घडवला, कारण ‘लिटरेचर’च्या पोटातच लिहिलेलं अक्षर आहे. मराठीत ‘वाङ्मय’ वाणीपासूनच आलेलं असल्यामुळे ही अडचण आपल्याला चटकन जाणवत नाही.

तरी २००० पासून दिला जाणारा आफ्रिकी कथेचा मानाचा पुरस्कारही इंग्रजी मजकुरावरच ठरतो; मूळ कथा दुसऱ्या भाषेतली असेल तर भाषांतर लागतं.

२०१६ मध्ये १९६२ च्या त्याच विद्यार्थ्याची, तोवर म्हाताऱ्या झालेल्या लेखकाची, गिकुयू या केनियातल्या भाषेत लिहिलेली एक छोटी गोष्ट तरुण आफ्रिकी लेखकांच्या एका गटाने तीसहून अधिक भाषांत एकदम प्रसिद्ध केली. माणूस दोन पायांवर का चालतो, याची ती गोष्ट. आधी हात आणि पाय मिळून चालायचे, गुण्यागोविंदाने. जिभेला ते बघवेना, आणि तिने दोघांत भांडण लावून दिलं.