आरओपी वाढला म्हणजे अंधत्व वाढलं का?

कमी दिवसांच्या बाळांमधला डोळ्यांचा आजार वाढतोय, असं ऐकलं की वाटतं, जास्त बाळांची दृष्टी जातेय. पण आरओपी, म्हणजे रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, होणं वेगळं आणि त्यापायी आंधळेपण येणं वेगळं. बहुतेक बाळांमधला सौम्य आरओपी आपोआप बरा होतो.

अमेरिकेत रुग्णालयांच्या नोंदींनुसार अकाली जन्मलेल्या बाळांत आरओपीचं प्रमाण २००३ मध्ये ४.४ टक्के होतं, २०१९ मध्ये ८.१ टक्के झालं. म्हणून तिथे अंधत्वही दुप्पट झालं, असं म्हणता येत नाही. पूर्वी दगावणारी बाळं आता जगतात आणि त्यांचे डोळे तपासले जातात, म्हणूनही आकडा चढतो.

उतरलेला आकडाही फसवा असू शकतो. १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी या आजारासाठी काचेच्या पेटीतल्या मुक्त ऑक्सिजनकडे बोट दाखवलं. पुढे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने ते सिद्ध केलं आणि ऑक्सिजनवर कडक मर्यादा आली. आरओपी झपाट्याने घटला. पण श्वासाअभावी बाळं दगावू लागली. १९७३ मध्ये ब्रिटिश शरीरक्रियातज्ज्ञ केनेथ क्रॉस यांनी हिशेब मांडला: एका बाळाची दृष्टी वाचवताना सुमारे १६ बाळांचे जीव गेले असावेत. आरओपीचा तक्ता वाचताना शेजारी मृत्यूंचा तक्ता हवाच, असं मला वाटतं ते यामुळेच.

आपल्याकडे चिंता दुसऱ्या आकड्याची आहे. अमेरिकेत साधारण ३० आठवडे किंवा १५०० ग्रॅमपर्यंतची बाळं तपासतात. भारतात ही मर्यादा ३४ आठवड्यांच्या आतली किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची बाळं, अशी आहे. त्याहून मोठ्या बाळाचा ऑक्सिजन लांबला किंवा जंतुसंसर्ग झाला, तर त्यालाही तपासतात. कारण हवा मिसळून ऑक्सिजन देणारा ब्लेंडर नसेल, सॅचुरेशनवर, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या प्रमाणावर, सतत नजर नसेल, तर ३३ आठवड्यांच्या, १७०० ग्रॅमच्या बाळालाही गंभीर आरओपी होतो. अमेरिकेच्या नियमाने ते बाळ सहसा तपासणीत आलंच नसतं.

बाहेरून डोळा अगदी स्वच्छ दिसतो, आईला काही कळत नाही. औषधाचे थेंब घालून बाहुली मोठी करायची, पापण्या हलकेच उघड्या धरायच्या आणि भिंगातून डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) कडेपर्यंत पाहायचं, तेव्हाच वाकड्या वाढलेल्या रक्तवाहिन्या दिसतात. उपचार लागणारा आरओपी सापडला, तर दोन-तीन दिवसांत लेझर किंवा इंजेक्शन द्यावं लागतं. पडदा पूर्ण सुटल्यावर शस्त्रक्रियेनेही फारशी दृष्टी परत येत नाही.

म्हणून पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. २८ आठवड्यांच्या आतल्या किंवा १२०० ग्रॅमपेक्षा हलक्या बाळाची दोन-तीन आठवड्यांतच. बाळ आधी घरी गेलं तरी ही मुदत बदलत नाही. डिस्चार्ज कार्डावर डोळे तपासायची तारीख नसेल, तर दवाखाना सोडण्याआधी ती लिहून मागा.