वीज, गारपीट आणि चौथीच्या वर्गातील वार्ताहर

मराठवाड्यात मार्च ते मे या काळातील अवकाळी पाऊस बहुधा दुपारनंतर, वादळी वारा आणि विजांसह येतो, आणि नेमक्या त्याच वेळी खेड्यांतील अनेक मुले शेतात किंवा गुरांमागे असतात. त्यामुळे विजेचा धडा घोकून घेण्यापेक्षा तो मुलांकडून वदवून घेणे अधिक उपयोगी ठरते. एक विद्यार्थी वार्ताहर, दुसरा हवामानशास्त्रज्ञ आणि तिसरा २०१४ च्या गारपिटीत उभी ज्वारी गमावलेला शेतकरी, अशी लुटुपुटूची मुलाखत शिक्षकांच्या मोबाइलवर सहज चित्रित करता येते.

मात्र उत्तरे लिहून दिली, तर ते केवळ पाठांतर होते. म्हणून प्रत्येक उत्तरावर वार्ताहराने एक उपप्रश्न विचारलाच पाहिजे. ‘ढगावर ढग आपटून वीज पडते’ असे शास्त्रज्ञाने सांगितल्यावर वार्ताहराने ‘पण ढग तर पाण्याच्या बारीक थेंबांचे, ते आपटतील कसे?’ असे विचारले, की खऱ्या विज्ञानाला सुरुवात होते. उंच ढगात बर्फाचे हलके स्फटिक आणि मऊ गारा एकमेकांवर आदळतात. स्फटिक बहुधा धनभारित होऊन वाऱ्यासोबत वर जातात, तर जड गारा ऋणभार घेऊन खाली राहतात, आणि हा भारभेद फार वाढला की वीज कडाडते. जोरदार वर चढणारा हाच वारा गारांना तोलून धरून मोठ्या होऊ देतो, म्हणूनच गारपिटीसोबत बहुधा विजाही असतात.

शेतकऱ्याच्या भूमिकेतील मुलाकडून येणारा प्रश्न अनेकदा सर्वांत चांगला असतो: लिंबाखाली बांधलेला बैल दगावला, पण जवळचा माणूस वाचला, असे का? झाडावर पडलेली वीज जमिनीत पसरताना बुंध्यापासूनच्या अंतरानुसार विद्युतदाब कमी होत जातो. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून दाबातील फरकही जास्त, आणि प्रवाह थेट छातीतून जाण्याची शक्यताही मोठी. चार पाने वाचून जे कळत नाही, ते मुलांना येथे एका प्रश्नात कळते, असे मला वाटते.

चित्रफीत वर्गात पुन्हा पाहताना गैरसमज लगेच उघडे पडतात. मोबाइल वीज खेचतो, हे त्यांतील नेहमीचे. तसे होत नाही. प्रकाश आणि गडगडाट यांतील प्रत्येक तीन सेकंदांमागे साधारण एक किलोमीटर अंतर असते, हे गणित मुलांना फार आवडते. पण गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते, तेव्हा मोजत न थांबता पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे आतच राहावे, हे शास्त्रज्ञाच्या तोंडी आले पाहिजे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले, वीज पडण्याचा इशारा देणारे ‘दामिनी’ अॅप कसे वापरायचे, हेही त्यालाच दाखवता येईल.

ज्या घरात वीज पडून कोणी गेले आहे, त्या घरच्या मुलाला आपद्ग्रस्ताची भूमिका देऊ नये. त्याला हवे असल्यास कॅमेरा त्याच्या हाती द्यावा. आणि चित्रीकरण आभाळ निरभ्र असतानाच करावे.