उद्योजकाचे मनोबळ आणि मेंदूतील नियंत्रणाची जाणीव

व्यवसाय चालवणाऱ्या माणसाला कष्टांपेक्षा अनिश्चितता अधिक थकवते. दिवसाचे बारा-चौदा तास राबण्याची तयारी बहुतेक उद्योजकांची असते. पण ज्यांच्यावर सारे अवलंबून आहे अशा अनेक गोष्टी आपल्या हातात नाहीत, ही जाणीव त्यांना आतून पोखरत राहते. महिनाअखेर जवळ आलेली असते, मोठ्या ग्राहकाकडून येणे असलेली रक्कम जमा झालेली नसते आणि कामगारांचे पगार व कर्जाचा हप्ता एकाच आठवड्यात येऊन ठेपलेले असतात. रात्री दोन वाजता जाग येते, हात आपसूक फोनकडे जातो, बँकेचे खाते उघडले जाते आणि शिल्लक झोपण्यापूर्वी होती तेवढीच दिसते. खाते पाहिल्याने काही बदलणार नाही हे पक्के ठाऊक असूनही तासाभराने ते पुन्हा उघडले जाते. वरवर ही केवळ अधीरता वाटते. परंतु त्या वेळी मेंदू एका मूलभूत प्रश्नाचे उत्तर शोधत असतो: या संकटावर माझे काही चालते की नाही? संकटातून सावरण्याची ताकद बऱ्याच अंशी या प्रश्नाला मेंदूकडून मिळणाऱ्या उत्तरावर ठरते, असे गेल्या काही दशकांतील संशोधन सुचवते.

धोक्याची चाहूल लागली की मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून प्रथम अ‍ॅड्रेनलिन आणि थोड्या वेळाने कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरके रक्तात येतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तातील साखर वाढते, लक्ष एका जागी एकवटते. ही व्यवस्था काही मिनिटांच्या किंवा तासांच्या संकटासाठी उत्तम आहे. थकलेल्या रकमांचे संकट मात्र महिनोन् महिने चालते आणि तितका काळ ही यंत्रणा चालू राहिली, तर शरीराची झीज होऊ लागते. ब्रूस मॅक्युएन आणि एलियट स्टेलर या संशोधकांनी १९९३ मध्ये या साचत जाणाऱ्या झिजेची संकल्पना मांडली. रक्तदाब, झोप, प्रतिकारशक्ती आणि स्मरणशक्ती या सर्वांवर तिचा भार पडतो. त्याच वेळी मेंदूत आणखी एक बदल घडतो. एमी आर्न्स्टन यांच्या संशोधनानुसार, अनावर ताणाखाली कपाळामागील प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, म्हणजे योजना आखणारा, पर्याय तोलणारा आणि उतावळेपणाला आवर घालणारा भाग, मंदावतो आणि सवयीने चालणारे जुने भाग सूत्रे हाती घेतात. सर्वांत शांत डोक्याने विचार करण्याची गरज असते, नेमके तेव्हाच तसा विचार करणे कठीण होऊन बसते. उद्योजकाने घाबरून घेतलेल्या निर्णयांना केवळ स्वभावदोष म्हणणे मला म्हणूनच अन्यायाचे वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९६७ मध्ये पेनसिल्व्हानिया विद्यापीठात मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर या तरुण संशोधकांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. आजच्या नीतिनियमांत तो कदाचित बसणार नाही; परंतु मानसशास्त्राची दिशा त्याने बदलली. एका गटातील कुत्र्यांना विजेचे वेदनादायक झटके बसत आणि डोक्याने एक फळी दाबली की झटका थांबे. दुसऱ्या गटातील प्रत्येक कुत्रा पहिल्या गटातील एका कुत्र्याशी जोडलेला होता. त्याला तितकेच आणि तितकाच वेळ झटके बसत. फरक एवढाच की त्याने काहीही केले तरी ते थांबत नसत, जोडीदाराने फळी दाबल्यावरच थांबत. तिसऱ्या गटाला झटके दिलेच नव्हते. पुढच्या टप्प्यात सर्वांना अशा खोक्यात ठेवले, जिथे एक बुटका अडसर ओलांडला की झटक्यातून सुटका होत असे. पहिल्या आणि तिसऱ्या गटातील कुत्रे उडी मारायला शिकले. दुसऱ्या गटातील बहुसंख्य कुत्रे मात्र उडी न मारता झटके सोसत पडून राहिले. वेदना दोन्ही गटांनी सारखीच भोगली होती. एका गटाला ती थांबवता आली होती, दुसऱ्याला नाही. आपल्या करण्याने काही होत नाही हे प्राणी शिकतो आणि मग प्रयत्नच सोडतो, असा अर्थ लावला गेला आणि ‘शिकलेली हतबलता’ हे नाव रूढ झाले.

पुढे मायर मेंदूच्या अभ्यासाकडे वळले आणि उंदरांवरील अनेक वर्षांच्या प्रयोगांतून त्यांना दिसले की आपण चित्र उलटे मांडले होते. २०१६ मध्ये त्यांनी सेलिग्मन यांच्याबरोबर लिहिलेल्या शोधनिबंधात आपलाच सिद्धान्त दुरुस्त केला. दीर्घकाळ चालणारे संकट आले की मेंदूच्या देठातील, सेरोटोनिन हे रसायन निर्माण करणाऱ्या चेतापेशींचा एक पुंजका कार्यरत होतो आणि प्राण्याला निष्क्रिय व भयग्रस्त करतो. हे शिकावे लागत नाही. दीर्घ संकटाला मेंदूचा तो जन्मजात प्रतिसादच आहे. शिकावी लागते ती नियंत्रणाची जाणीव. आपल्या कृतीने संकट थांबते असे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या एका भागाला उमगले की तो त्या पुंजक्याला आवर घालतो आणि निष्क्रियता दूर होते. हा भाग औषधाने तात्पुरता बंद केला, तर उंदराच्या हाती नियंत्रण असूनही तो हतबल उंदरासारखाच वागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एकदा नियंत्रणाचा अनुभव घेतलेला उंदीर पुढे खरोखरच हाताबाहेरच्या संकटात सापडला, तरी त्याच्या मेंदूतील ही आवर घालणारी वाट जागी होते आणि तो कोलमडत नाही.

या निष्कर्षाचे महत्त्व उद्योजकांपर्यंत पुरेसे पोहोचलेले नाही, असे मला मनापासून वाटते. खंबीर माणसे जन्मतःच पोलादी असतात आणि संकटात गळून जाणारी कच्च्या दिलाची, ही समजूत त्यातून मोडीत निघते. मोठ्या तोट्यानंतर काही दिवस अंथरुणातून उठावेसे न वाटणे, ग्राहकांचे फोन टाळणे, टपालातील पाकिटे न फोडणे हे मेंदूच्या जुन्या संरक्षक यंत्रणेचे काम असू शकते. त्यावर उतारा म्हणून स्वतःला दूषणे देणे किंवा जोशपूर्ण भाषणे ऐकणे पुरत नाही. आपल्या कृतीचा परिणाम डोळ्यांनी दिसावा लागतो. मंदी आपल्याला थांबवता येत नाही, पण पुढच्या तेरा आठवड्यांत किती पैसे येणार आणि किती जाणार याचा तक्ता आज करता येतो. धनकोला टाळण्याऐवजी स्वतः फोन करून हप्त्यांची नवी मांडणी सुचवता येते, आणि एकाच ग्राहकावर निम्मा धंदा अवलंबून असेल तर या आठवड्यात तीन नव्या ठिकाणी चौकशी करता येते. अशी कामे संकटाच्या मानाने लहान दिसतात, पण कृती आणि परिणाम यांचा संबंध मेंदूला त्यांतूनच दिसतो. मात्र ते नियंत्रण खरे असले पाहिजे. बँकेचे खाते रात्री पुन्हा पुन्हा पाहणे ही कृती असली, तरी तिने काहीच हलत नाही.

नियंत्रणाची जाणीव माणसांत शिकवून वाढवता येते का, याचा एक मोठा आणि काटेकोर प्रयोग पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशात झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लोमे या राजधानीतील १५०० लहान व्यावसायिकांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट करण्यात आले. एका गटाला हिशेब, विपणन, मनुष्यबळ अशा विषयांचे रूढ व्यवसाय प्रशिक्षण मिळाले. दुसऱ्याला मायकेल फ्रेसे यांच्या मानसशास्त्रीय संशोधनावर आधारलेले, पुढाकार घेण्याचे प्रशिक्षण मिळाले: सांगण्याची वाट न पाहता सुरुवात करणे, येऊ शकणाऱ्या अडचणी आधीच ओळखणे, अडथळा आला तरी दुसरा मार्ग शोधत राहणे. तिसऱ्या गटाला काहीच प्रशिक्षण नव्हते. दोन वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतल्यावर दिसले की, तिसऱ्या गटाच्या तुलनेत पुढाकाराचे प्रशिक्षण घेतलेल्यांचा नफा सरासरी ३० टक्क्यांनी अधिक होता. रूढ प्रशिक्षण घेतलेल्यांत ही वाढ ११ टक्के दिसली, पण ती योगायोगाने आली नसेल असे संख्याशास्त्राच्या कसोटीवर म्हणता येत नव्हते. हिशेबाचे ज्ञान निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. परंतु अडचणीपुढे स्वतःहून हालचाल करण्याची वृत्ती काही आठवड्यांच्या वर्गांतून रुजू शकते आणि तिचा परिणाम वर्षानुवर्षे टिकू शकतो, ही गोष्ट फार मोलाची आहे.

कृतीचे महत्त्व सांगताना दुःखाला जागा ठेवावी लागते. व्यवसाय बुडणे म्हणजे केवळ पैसा जाणे नव्हे. वर्षानुवर्षे जिच्याभोवती स्वतःची ओळख गुंफली होती, ती गोष्ट नाहीशी होणे आहे. डीन शेफर्ड यांनी २००३ मध्ये व्यवसायातील अपयशाकडे शोकाच्या अंगाने पाहावे असे सुचवले. त्यांचा आधार होता मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेली शोकाची उपपत्ती. तिच्यानुसार सावरणारा माणूस सतत दुःखात बुडून राहत नाही आणि ते सतत दडपूनही टाकत नाही. त्याचे मन दोन अवस्थांमध्ये ये-जा करते. काही काळ तो नुकसानाला सामोरा जातो, काय चुकले याचा विचार करतो, रडतो. काही काळ ते बाजूला ठेवून देणी, कागदपत्रे, नवे उत्पन्न अशा पुढच्या कामांना लागतो. शेफर्ड यांच्या मते अपयशातून शिकणेही या ये-जा करण्यानेच सुकर होते, कारण तीव्र दुःखात माहिती नीट तपासता येत नाही आणि दुःख पूर्ण टाळले तर तपासायला माहितीच उरत नाही.

लिहिण्याचा इथे उपयोग होतो. जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, नोकरी गमावलेल्या अनुभवी अभियंत्यांपैकी काहींना सलग पाच दिवस रोज २० मिनिटे आपल्या नोकरी जाण्याबद्दल मनात येईल ते लिहायला सांगितले. पुढील काही महिन्यांत त्यांच्यापैकी अधिक जणांना नवी नोकरी मिळाली, आणि लक्षणीय बाब अशी की त्यांनी इतरांपेक्षा अधिक अर्ज पाठवलेले नव्हते. साचलेला संताप कागदावर उतरल्याने मुलाखतीतील त्यांचे वागणे बदलले असावे, असा संशोधकांचा तर्क होता. नोकरदारांवरील हा प्रयोग उद्योजकांना जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी तोट्यानंतर गुंतवणूकदारासमोर किंवा भागीदारासमोर बसण्यापूर्वी काही दिवस असे लिहून पाहण्याचा खर्च नगण्य आहे.

झोपेबाबत फार सांगण्याची गरज नाही, पण एक प्रयोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. २००७ मध्ये सुंग-शिक यू, मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांना दिसले की, एक रात्र जागलेल्या लोकांच्या मेंदूतील अमिग्डाला हा भावनांशी निगडित भाग अप्रिय चित्रे पाहताना, पुरेशी झोप घेतलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के अधिक तीव्र प्रतिसाद देतो, आणि प्रीफ्रंटल कॉर्टेक्सशी त्याचा दुवा सैल पडतो. मायर यांच्या उंदरांत निष्क्रियतेला आवर घालणारा भागही प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्येच आहे. रात्र जागून काढण्याचा उद्योगविश्वात होणारा गौरव मला म्हणूनच घातक वाटतो.

माणसांच्या आधाराचा मुद्दा भावनिक सल्ला म्हणून सांगितला जातो. त्याला शरीरशास्त्राचाही पाया आहे. जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १६ विवाहित स्त्रियांच्या मेंदूचे चित्रण करताना त्यांना विजेचा सौम्य झटका बसू शकतो अशी सूचना दिली. पतीचा हात हातात असताना धोक्याला मेंदूने दिलेला प्रतिसाद स्पष्टपणे मंदावला. अनोळखी व्यक्तीच्या हातानेही तो काही प्रमाणात कमी झाला, आणि पतीशी नाते जितके चांगले तितका पतीच्या हाताचा परिणाम अधिक होता. हवाई बेटांपैकी कौआई येथे १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी अनेक दशके मागोवा घेतला, तेव्हाही हेच दिसले. गरिबी, घरातील कलह, आईवडिलांचे आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम, प्रेमळ प्रौढ झाली, आणि त्यांच्या आयुष्यात विश्वासाने धरून राहणारे किमान एक तरी माणूस होते. उद्योजकाची अडचण अशी की कामगारांसमोर चिंता दाखवता येत नाही, गुंतवणूकदारांसमोर दाखवणे धोक्याचे वाटते आणि घरी ती सांगून ओझे वाढवू नये असे वाटते. त्यामुळे त्याच क्षेत्रातील, पण स्पर्धेत नसलेल्या दोन-तीन व्यावसायिकांशी नियमित आणि मोकळे बोलणे ही चैन मानू नये.

एवढे सगळे करूनही मन सावरत नाही, असे घडू शकते. मायकेल फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या एका पाहणीत सहभागी उद्योजकांपैकी ४९ टक्क्यांनी आयुष्यात केव्हा ना केव्हा एखादा मानसिक विकार झाल्याचे सांगितले. तुलनेसाठी घेतलेल्या गटात हे प्रमाण ३२ टक्के होते. ही स्वतः सांगितलेली माहिती आहे आणि सहभागींची संख्याही मर्यादित होती, पण नैराश्याला उद्योजकात ‘जिद्द कमी पडली’ असे समजण्याची चूक टाळायला ती पुरेशी आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळपास रोज उदासी, कशातच रस नसणे, झोप व भूक बिघडणे असे चालू असेल, तर डॉक्टरांकडे जावे. आणि जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर दोन आठवडे थांबू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी.

शेवटी चिकाटीबद्दल. मनोबळ म्हणजे कधीही माघार न घेणे, या समजुतीने अनेकांची घरे बुडाली आहेत. बॅरी स्टॉ यांनी १९७६ मध्ये व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना एका काल्पनिक कंपनीच्या विभागांना पैसे वाटून द्यायला सांगितले. निवडलेला विभाग तोट्यात गेल्यावर, ज्यांनी तो स्वतः निवडला होता त्यांनी पुढच्या फेरीत त्यालाच अधिक पैसे दिले. पहिला निर्णय दुसऱ्याचा होता तेव्हा मात्र ते हात आखडता घेत होते. याउलट अनुभवी उद्योजकांच्या विचारपद्धतीचा अभ्यास करणाऱ्या सरस सरस्वती यांना आढळले की, ही मंडळी किती नफा होईल यापेक्षा किती नुकसान सोसता येईल हे आधी ठरवतात. ही मर्यादा रकमेत आणि तारखेत, ताण नसताना, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स जागेवर असताना लिहून ठेवावी लागते. आणि ती वेळ आल्यावर पुढे काय करायचे हे ठरवताना, व्यवसाय सुरू करण्याच्या मूळ निर्णयात सहभागी नसलेले एक माणूस शेजारी बसवावे, म्हणजे आकड्यांकडे पाहणाऱ्या दोघांपैकी निदान एकाला तरी आधीच्या निर्णयाचे समर्थन करण्याची गरज भासणार नाही.