खुबा मोडण्याआधीची वर्षं

डायलिसिसवरच्या माणसाचा खुबा मोडला की घरचे बोट दाखवतात ते न्हाणीतल्या ओल्या फरशीकडे. फरशी ओली असतेच. मशीनवरून उठल्यावर रक्तदाब उतरलेला असतो, चक्कर येते, आणि राधानगरी-गगनबावड्याकडून कोल्हापुरात आलेल्या पेशंटला तशाच अवस्थेत एसटीने घर गाठायचं असतं. पण नुसतं उभ्याने पडून मांडीच्या हाडाचा वरचा भाग तुटतो, तेव्हा ते हाड आतून कित्येक वर्षं बिघडत आलेलं असतं. या बिघाडाचं मूळ किडनीत आहे.

१८८३ मध्ये लंडनचे शल्यविशारद क्लेमेंट ल्यूकस यांनी लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या, वाढत्या वयातल्या मुलांमधल्या मुडदुसाची नोंद केली. किडनी आणि हाडं यांचा संबंध तेव्हा पहिल्यांदा मांडला गेला, पण तो समजून घ्यायला पेशंट फार काळ जगतच नव्हते. १९४३ मध्ये नेदरलँड्समधल्या कांपेन गावात विलेम कोल्फ यांनी फिरत्या पिंपाचं डायलिसिस यंत्र चालवलं. १९६० मध्ये सिएटलला बेल्डिंग स्क्रिबनर यांनी यंत्राला पुन्हा पुन्हा जोडण्यासाठी हातात कायम ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी बसवली. तिचे पहिले पेशंट क्लाइड शील्ड्स पुढे अकरा वर्षं जगले. १९६६ मध्ये आज सगळीकडे होतो तो फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली वाट, आला. माणसं वर्षानुवर्षं डायलिसिसवर जगू लागली आणि मगच त्यांची हाडं दुखू लागली, मोडू लागली.

१९७० मध्ये केंब्रिजच्या फ्रेझर आणि कोडिसेक यांनी दाखवलं, की ड जीवनसत्त्वाला कामाचं रूप किडनीतच मिळतं. किडनी थकली की अन्नातलं कॅल्शियम पुरेसं शोषलं जात नाही, रक्तात फॉस्फरस साठतो, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जादा संप्रेरक सोडतात आणि ते हाडांतून कॅल्शियम ओढून काढतं. कोल्हापूरकरांना हे पचायला अवघड जातं. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन तालमीत गेलेल्या पिढीला ‘हाडांसाठी दूध’ हे सांगावं लागत नाही. पण दुधात फॉस्फरस भरपूर असतो, म्हणून डायलिसिसवरच्या माणसाला ते मोजूनच घ्यावं लागतं. आजोबांचा पेला आखडता घेणाऱ्या सुनेला घरात बोल लावू नयेत, असं मला कळकळीने वाटतं.

सगळ्यांत वेदनादायक पर्व ॲल्युमिनियमचं. १९७०च्या दशकात इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला डायलिसिसच्या पेशंटांची हाडं मऊ पडून मोडू लागली. काहींची वाचा गेली, बुद्धी भ्रमिष्ट झाली. १९७८ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी संशयाची सुई नळाच्या पाण्याकडे वळवली. पाणी निवळायला तुरटी वापरतात आणि तुरटीत ॲल्युमिनियम असतं. पिण्यातून त्यातलं फारच थोडं अंगात जातं. चार तासांच्या डायलिसिसमध्ये मात्र सुमारे १२० लिटर पाणी एका पातळ पडद्यापलीकडून रक्ताजवळून वाहतं. त्यातच फॉस्फरस कमी करायला दिल्या जाणाऱ्या गोळ्याही ॲल्युमिनियमच्याच होत्या. उपचारच हाडांत साठत होता. आज प्रत्येक डायलिसिस विभागाच्या मागे जो आरओचा संच असतो, तो तिथे असण्यामागे हा इतिहासही आहे.

ॲल्युमिनियम मागे पडलं, तरी खुबे मोडायचे थांबले नाहीत. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात डायलिसिसवरच्या लोकांत खुबा मोडण्याचं प्रमाण इतरांच्या चौपटीहून जास्त आढळलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात पॅराथायरॉइडचं संप्रेरक कमी असलेल्यांचे खुबे अधिक मोडलेले दिसले. म्हणजे संप्रेरक वाढलं तरी धोका आणि औषधांनी फार दाबलं तरी धोका, कारण मग हाडाची डागडुजीच थांबते. त्या अभ्यासातले खुबा मोडलेले निम्म्याहून जास्त पेशंट वर्षभरात दगावले होते.

आपल्याकडे हा प्रश्न आता वाढतो आहे, कारण महात्मा फुले योजनेसारख्या आधारामुळे साध्या घरातला माणूसही डायलिसिसवर टिकून राहतो. हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीला किडनीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०१७ मध्ये अधिक मोकळेपणाने जागा दिली. औषधांचं कोडं मात्र सुटलेलं नाही. ठिसूळ हाडांवरची नेहमीची बरीच औषधं किडनीवाटेच बाहेर पडतात. किडनीवाटे न जाणारं डेनोसुमॅबचं इंजेक्शन सोयीचं वाटत होतं, पण २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, कारण डायलिसिसवरच्या पेशंटांचं कॅल्शियम त्याने जिवावर बेतेल इतकं खाली जाऊ शकतं. म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी असं इंजेक्शन लिहून दिलं, तर ते टोचण्याआधी चिठ्ठी डायलिसिसच्या डॉक्टरांना दाखवावी.