आंगियारीचे घोडे : खडूची रेखाटने आणि भिंतीमागचा शोध

फ्लोरेन्सच्या शासकीय सभागृहाच्या भिंतीवर आंगियारीच्या लढाईचे (१४४० मध्ये मिलानवर मिळवलेल्या विजयाचे) चित्र काढण्याचे काम १५०३ मध्ये लिओनार्दो दा विंचीकडे आले, तेव्हा घोड्याचे शरीर त्याच्या चांगल्या परिचयाचे होते. मिलानमधील अश्वारूढ पुतळ्यासाठी १४९० च्या सुमारास त्याने केलेली घोड्यांची अनेक रेखाटने चांदीच्या सळईने काढलेली होती. मात्र चांदीची रेघ कितीही दाबली तरी फारशी गडद होत नाही. खडू हाताच्या दाबाप्रमाणे पुसट किंवा गडद उमटतो. इंग्लंडच्या राजघराण्याच्या विंझर संग्रहातील मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या घोड्याच्या लाल खडूतील रेखाटनात डोके आणि पाय यांच्या अनेक अवस्था एकमेकींवर उमटलेल्या आहेत. बुडापेस्ट येथील योद्ध्यांच्या मस्तकांत हाच आवेश चेहऱ्यावर उतरला आहे. १५०४ मध्ये त्याच सभागृहासाठी मायकेलअँजेलोला काशिनाच्या लढाईच्या चित्राचे काम मिळाले. त्याचा पूर्ण आकाराचा आराखडा पुढे तुकडे होऊन नष्ट झाला.

लिओनार्दोने १५०६ मध्ये शहर सोडले आणि काम अपुरे राहिले. १५६३ पासून सभागृहाची पुनर्रचना होऊन भिंतींवर नवी चित्रे आली. त्यांपैकी एका चित्रातील ध्वजावर 'शोधा, सापडेल' अशा अर्थाचे इटालियन शब्द आहेत. हा जुने चित्र मागे सुरक्षित असल्याचा संकेत मानून, २०११ च्या अखेरीस संशोधकांनी सोळाव्या शतकातील या भित्तिचित्रात छिद्रे पाडून आत कॅमेरा सोडला. पूर्वी दुरुस्त झालेल्या किंवा तडे गेलेल्या जागाच निवडल्याचे सांगितले गेले. तरीही एका अस्सल कलाकृतीला दुसरीच्या केवळ शक्यतेपायी हात लावण्याचा हा निर्णय शेकडो कला-इतिहासकारांना रुचला नाही, आणि त्यांचा आक्षेप रास्तच होता. मार्च २०१२ मध्ये लोह व मँगनीज असलेले काळे रंगद्रव्य सापडल्याची घोषणा झाली. अशी द्रव्ये त्या काळी इतरत्रही वापरात असल्याने तेवढ्यावरून लिओनार्दोचे चित्र सिद्ध होत नव्हते. त्याच वर्षी काम थांबले.

२०२० मध्ये अभ्यासकांच्या एका गटाने मांडले की भिंतीवरील अस्तरच बिघडले आणि लिओनार्दोने तिथे रंग लावलाच नाही. साहित्याच्या खरेदीच्या जुन्या नोंदी आराखडा आणि भिंतीची पूर्वतयारी यांच्यापुरत्याच आहेत, असे त्यांचे म्हणणे आहे. हे सर्वांना पटलेले नाही. लिओनार्दोने या लढाईसाठी रचलेले, ध्वजासाठी भिडलेल्या घोडेस्वारांचे दृश्य आज ओळखीचे आहे ते प्रामुख्याने इतरांनी केलेल्या प्रतींमुळे, आणि लूव्र संग्रहालयातील सर्वांत प्रसिद्ध प्रतही सतराव्या शतकातील एका फ्लेमिश चित्रकाराने आधीच्या कोणाच्या तरी रेखाटनावर हात फिरवून तयार केलेली आहे.