पोस्टरवरचे एरर बार : एसडी लावायचा की एसईएम?

जैवरसायनशास्त्राच्या परिषदेत पीएचडीच्या पोस्टरसमोर परीक्षक थांबले की बहुतेक वेळा हा प्रश्न येतोच : "हे एरर बार कसले आहेत, आणि एन किती?" एरर बार म्हणजे आलेखात सरासरीच्या वर-खाली काढलेली, विखुरणं किंवा अनिश्चितता दाखवणारी रेघ, आणि एन म्हणजे स्वतंत्र प्रयोगांची संख्या. एसडी आणि एसईएम एकाच आकड्यांतून निघतात आणि आलेखात सारखेच दिसतात. सांगतात मात्र वेगळं, आणि हा फरक पोस्टर छापायच्या आधीच ठरलेला असावा लागतो.

एसडी म्हणजे प्रमाण विचलन. प्रयोग पुन्हा केला की उत्तर किती इकडेतिकडे होतं, ते त्यातून कळतं. एसईएम म्हणजे सरासरीची प्रमाण त्रुटी : तुमची सरासरी खऱ्या सरासरीपासून साधारण किती ढळलेली असू शकते, त्याचा अंदाज. एसडीला एनच्या वर्गमुळानं भागलं की एसईएम मिळतो. म्हणून प्रयोग वाढवत गेलं की एसईएम आकसत जातो. एसडी तसा शून्याकडे जात नाही, एका किमतीच्या आसपास स्थिरावतो.

समजा, एक एन्झाइम तीन वेळा स्वतंत्रपणे शुद्ध केलं आणि त्याची क्रियाशीलता ४२, ४८ आणि ५४ मायक्रोमोल प्रति मिनिट प्रति मिलिग्रॅम आली. सरासरी ४८, एसडी ६, एसईएम सुमारे ३.५. एसईएमचा बार आखूड दिसतो, आणि अनेक पोस्टरांवर तो त्याच मोहानं लावला जातो. पण '४८ ± ३.५' पाहून खरी किंमत ४४.५ आणि ५१.५ यांच्यातच आहे असं मानू नका. एन तीन असताना ९५ टक्क्यांच्या विश्वासपट्ट्यासाठी (कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरी सरासरी जिथे असण्याची खात्री धरता येते तो पल्ला) एसईएमला २ नव्हे, ४.३० नं गुणावं लागतं. मग पट्टा ३३ ते ६३ असा पसरतो. हे छोट्या नमुन्यांचं गणित १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावानं मांडणारे विल्यम गॉसेट ऑक्सफर्डला रसायनशास्त्र शिकले होते आणि डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करत होते. मोजकेच नमुने हाताशी असण्याची अडचण आपल्याच क्षेत्रातल्या माणसाला भेडसावली होती.

दोन्हींपेक्षा मोठा घोळ एनचा. एकाच लायसेटचे (पेशी फोडून मिळालेल्या द्रवाचे) तीन वेल, म्हणजे प्लेटवरचे तीन खळगे, किंवा एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात एकाच व्हायलची (छोट्या बाटलीची) तीन इंजेक्शनं या तांत्रिक पुनरावृत्ती. त्यांच्यातून पिपेटिंग आणि यंत्र किती सातत्यानं चालतात एवढंच कळतं. जैविक फरक कळत नाही. तीन शुद्धीकरणं, प्रत्येकी तीन वेल, म्हणून एन नऊ लिहिणं चूक आहे. आधी प्रत्येक शुद्धीकरणाच्या तीन वेलची सरासरी काढा. मग एन तीन. नऊ धरलं तर भाजक १.७३ ऐवजी ३ होतो आणि बार खोटाच आखूड होतो. रासायनिक अभिक्रियेच्या उताऱ्यालाही (यील्ड, म्हणजे हाती आलेल्या मालालाही) हेच लागू : तीन वेगळ्या फ्लास्कांत तीनदा केलेली अभिक्रिया मोजा, एकाच फ्लास्कमधल्या मालाचं तीनदा केलेलं वजन नव्हे.

एक्सेलमध्ये दोन सापळे आहेत. एसटीडीईव्ही.पी हे सूत्र भाजकात एन घेतं, एसटीडीईव्ही.एस एन वजा एक. आपल्याला दुसरं हवं. वरच्या आकड्यांवर पहिलं सूत्र ६ ऐवजी ४.९ देतं. दुसरा सापळा जास्त वाईट : चार्टच्या मेनूतला 'स्टँडर्ड एरर' पर्याय आलेखावर दिसणाऱ्या सरासऱ्यांवरूनच एक आकडा काढतो आणि मालिकेतल्या सगळ्या स्तंभांना तोच लावतो. सगळे बार तंतोतंत सारख्या उंचीचे दिसले तर आधी हे तपासा. 'कस्टम' निवडून स्वतः काढलेले आकडेच द्या.

"बार एकमेकांना टेकत नाहीत, म्हणजे फरक सिग्निफिकंट" (संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय) हे उत्तर देऊ नका. दोन्ही गटांत एन तीन आणि एसईएम सारखे असतील, तर पी (खरा फरक नसतानाही निदान इतका फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या आसपास यायला सरासऱ्यांमध्ये सुमारे चार एसईएमचं अंतर लागतं. एसडीचे बार एकमेकांवर आले म्हणून फरक नाही, असंही ठरत नाही.

मग लावायचं काय? एन तीन ते पाच असेल तर आमचं मत स्पष्ट आहे : प्रत्येक स्वतंत्र प्रयोगाचा ठिपका दाखवा, सरासरीची आडवी रेघ द्या, हवा तर एसडी द्या. बघणाऱ्याला विखुरणं स्वतःच दिसतं. सरासरी किती पक्की आहे हेच सांगायचं असेल तर एसईएमपेक्षा ९५ टक्क्यांचा विश्वासपट्टा बरा. आकृतीखाली एक ओळ हवीच : 'सरासरी ± एसडी, तीन स्वतंत्र शुद्धीकरणं, प्रत्येकी तीन वेलची सरासरी.'

आयसी५० बाबत, म्हणजे क्रिया निम्म्यावर आणणाऱ्या औषधाच्या प्रमाणाबाबत, वेगळी काळजी घ्या. एकाच डोस-रिस्पॉन्स वक्रावरून (मात्रा वाढेल तसा परिणाम दाखवणाऱ्या वक्रावरून) सॉफ्टवेअरनं दिलेला ± हा त्या वक्राच्या फिटचा, म्हणजे वक्र बिंदूंवर किती नीट बसला याचा असतो, पुनरावृत्तीचा नव्हे. तीन वेगळ्या दिवशी तीन वक्र घ्या, प्रत्येकाचा आयसी५० लॉगमध्ये बदला, सरासरी आणि एसडी तिथेच काढा आणि पोस्टरवर पीआयसी५० (आयसी५०चा ऋण लॉग) म्हणून द्या.