धर्मादाय व धार्मिक न्यासांना आयकरातील सूट

धर्मादाय किंवा धार्मिक कामासाठी स्थापन झालेल्या न्यासाचे उत्पन्न त्याच कामावर खर्च होत असेल, तर ते करातून वगळण्याची कायद्यातील तरतूद. 1922 च्या आयकर कायद्यातही ती होती. 1961 च्या कायद्यात ती कलम 11 ते 13 मध्ये विस्ताराने आली, आणि 1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या 2025 च्या कायद्यात तिच्यासाठी 332 ते 355 ही कलमे आहेत. कलमांचे आकडे बदलले तरी विश्वस्तांच्या आणि सीएंच्या तोंडी अजून ‘बारा ए’ (न्यासाच्या सुटीसाठीची नोंदणी) आणि ‘ऐंशी जी’ (देणगीदाराच्या सवलतीसाठीची मान्यता) हेच आहे. पुढेही तेच शब्द वापरले आहेत.

अशा संस्थांचे बहुतेक सगळे नमुने ठाण्यात पायी फिरून पाहता येतात. मासुंदा तलावाच्या काठी कौपिनेश्वर मंदिर आणि सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च, टेंभी नाक्याजवळ जैन मंदिर आणि 1879 चे बेने इस्रायलींचे सिनेगॉग, तर गावात 1893 पासून चालत आलेले मराठी ग्रंथसंग्रहालय. खाडीपलीकडे चित्र वेगळे. नवी मुंबईत शाळा, रुग्णालये आणि प्रार्थनास्थळे सिडकोने दिलेल्या भूखंडांवर उभी राहिली, आणि गावठाणांतल्या गावदेवीच्या मंदिरांचा कारभार ग्रामस्थ मंडळे पाहतात. सूट हवी असेल तर नियम सगळ्यांना तेच.

सर्वांत जास्त गोंधळ नोंदणीचा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी झाली, ट्रस्टचा नंबर पावती पुस्तकावर छापला, की करही माफ झाला असे अनेक कार्यकारिणी धरून चालतात. तसे होत नाही. तो नंबर राज्याच्या कायद्याचा. आयकरातील सूट ‘बारा ए’ची स्वतंत्र नोंदणी केल्यावरच मिळते, आणि देणगीदाराला सवलत मिळावी म्हणून ‘ऐंशी जी’ची मान्यता आणखी वेगळी घ्यावी लागते. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करण्यासाठी मंडळे धर्मादाय कार्यालयाकडून तात्पुरती परवानगी घेतात. तिचा या दोन्हींशी संबंध नाही. गृहनिर्माण सोसायटी तर या चौकटीत येतच नाही, कारण ती आपल्याच सभासदांसाठी असते.

‘धर्मादाय’ म्हणजे काय हे कायदा सांगतो: गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत, योग, पर्यावरणाचे व वारसावास्तूंचे जतन, आणि सर्वसामान्य लोकोपयोगाचे इतर कोणतेही उद्दिष्ट. शेवटचा प्रकार सैल असल्याने त्याला वेसण आहे. या प्रकारातल्या संस्थेने व्यापारी स्वरूपाचे काम केले, तर त्याची प्राप्ती एकूण प्राप्तीच्या 20 टक्क्यांपलीकडे जाता कामा नये.

सुटीचा कणा 85 टक्क्यांचा नियम आहे. वर्षाच्या उत्पन्नापैकी किमान 85 टक्के रक्कम उद्दिष्टावर खर्च झाली पाहिजे. उरलेले 15 टक्के विनाअट शिल्लक ठेवता येतात. समजा, कळव्यातल्या एका वाचनालय न्यासाचे उत्पन्न 40 लाख रुपये आहे. त्याने 34 लाख खर्च करायला हवेत. झाले 28 लाख, तर 6 लाखांची तूट राहते. ती नव्या अभ्यासिकेसाठी राखायची असेल, तर विश्वस्तांनी तसा ठराव करून, हेतू लिहून, मुदतीत ऑनलाइन कळवावे लागते. मग रक्कम पाच वर्षांपर्यंत राखता येते, तीही ठरवून दिलेल्या गुंतवणुकीतच, म्हणजे बँकेची मुदत ठेव वगैरे. ‘पुढे लागतील’ एवढे कारण पुरत नाही.

खर्च मोजण्याची रीतही विश्वस्तांना चकवते. मांडववाल्याला एका दिवसात 18,000 रुपये रोख दिले, तर पावती खरी असूनही ती रक्कम 85 टक्क्यांत धरली जात नाही. एका व्यक्तीला एका दिवसात रोखीने देण्याची मर्यादा 10,000 रुपये आहे. स्थायी निधीसाठी म्हणून लेखी दिलेली देणगी उत्पन्नात धरत नाहीत, पण ती वेगळी गुंतवावी लागते.

धार्मिक आणि धर्मादाय यांतला फरक पैशांत दिसतो. निव्वळ धार्मिक न्यासाच्या दानपेटीत पडलेली निनावी रक्कम सुटीला पात्र असते. धर्मादाय न्यासाला मात्र निनावी देणगी एकूण देणग्यांच्या 5 टक्के किंवा 1 लाख रुपये, यांत जे जास्त असेल तेवढीच चालते. त्याहून जास्त आलेल्या रकमेवर 30 टक्के कर. उलट ‘ऐंशी जी’ धार्मिक न्यासाला सहसा मिळत नाही. धर्मादाय न्यासानेही उत्पन्नाच्या 5 टक्क्यांहून जास्त रक्कम धार्मिक कामावर खर्च केली, तर ती मान्यता अडचणीत येते. म्हणून मंदिराचा न्यास आणि त्याच्या आवारातल्या दवाखान्याचा न्यास वेगळा ठेवणे शहाणपणाचे. ऐतिहासिक किंवा ख्यातनाम म्हणून केंद्राने अधिसूचित केलेल्या प्रार्थनास्थळाच्या जीर्णोद्धाराला दिलेली देणगी हा याला अपवाद. ज्ञातिसंस्थांनाही जपून राहावे लागते: 1961 चा कायदा लागू झाल्यानंतर एकाच धर्मसमुदायासाठी किंवा जातीसाठी काढलेल्या धर्मादाय न्यासाला सूट नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीचे न्यास या बंदीतून वगळले आहेत.

देणगीदाराला बहुधा देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या 10 टक्क्यांच्या मर्यादेत. 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्यालाही नाही. नवी प्रणाली आता आपोआप लागू होते, त्यामुळे ‘ऐंशी जीची पावती मिळेल’ या आश्वासनात पूर्वीइतका दम राहिलेला नाही. संस्थेला मात्र देणगीदारांची यादी ओळख क्रमांकांसह दरवर्षी 31 मेपर्यंत भरावी लागते. उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये शुल्क.

विश्वस्त, त्यांचे नातेवाईक किंवा मोठे देणगीदार यांना न्यासाच्या पैशातून लाभ देता येत नाही. शाळेची बस विश्वस्ताच्या भावाकडून बाजारभावापेक्षा महाग घेतली, तर 2022 च्या दुरुस्तीपासून तेवढ्या लाभावर 30 टक्के कर बसतो. ऑडिट आणि विवरणपत्र वेळेत नसेल, तर मात्र सगळी सूटच धोक्यात येते.

पूर्वी ‘बारा ए’ एकदा मिळाले की कायमचे असे. 2021 पासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. आधीच्या दोन्ही वर्षांत ज्यांचे उत्पन्न 5 कोटींच्या आत होते, अशा न्यासांना एप्रिल 2025 नंतरच्या अर्जांवर ही मुदत दहा वर्षांची मिळते. ठाण्यासारख्या शहरात ही तारीख चुकवणे सर्वांत महागात पडू शकते. नूतनीकरणाचा अर्जच केला नाही, तर न्यासाच्या मालमत्तेचे आजचे बाजारमूल्य काढून, देणी वजा करून, उरलेल्या रकमेवर कमाल दराने कर लागतो. नौपाड्यातल्या एखाद्या जुन्या न्यासाने काही हजारांत घेतलेली जागा आज कोटींची असेल, तर हा कर त्याच्या बँकेतल्या सगळ्या ठेवींपेक्षा मोठा होईल. जागा विकून तो भरू म्हटले, तर विक्रीला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कारण सबळ असेल, तर आयकर आयुक्त उशिरा आलेला अर्ज स्वीकारू शकतात. हा अधिकार त्यांना ऑक्टोबर 2024 पासून आहे.